मागच्या सीटवरचं डोकं

शिफ्ट सुटली की सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतून दुचाकी बाहेर पडू लागतात. कुणाला कोंडीला जायचं असतं, कुणाला पाकणीला, कुणाला थेट सोलापुरात. ज्याच्याकडे गाडी, त्याच्या मागे शेजारच्या मशिनवरचा कुणी बसतो, पेट्रोल निम्मं-निम्मं. पुढच्याच्या डोक्यावर कधी हेल्मेट दिसतं, मागच्याच्या क्वचितच. आणि गाडी लागते ती पुणे महामार्गाला, ट्रक आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या सोबतीने.

युगांडाच्या कंपालात ‘बोडा-बोडा’ मोटारसायकल टॅक्सीवर हेच दिसतं. रवांडाच्या किगालीत मात्र चालक प्रवाशासाठी दुसरं हेल्मेट बाळगतो.

सीटवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून ते खाली आलं, तर आदळताना वेग होतो ताशी जवळपास 20 किलोमीटर. गाडी उभी असली तरीही! डांबरावर कवटी जेमतेम 3 मिलिमीटरच्या अंतरात थांबली, असं धरू. दीड मीटरला 3 मिलिमीटरने भागा: गुरुत्वाकर्षणाच्या 500 पट झटका. कवटी थांबते, आतला मेंदू मात्र पुढे जात राहतो आणि तिच्यावर आदळतो. हेल्मेटमधलं थर्मोकोल 25 मिलिमीटर चेपलं, तर तोच झटका 60 पटींवर येतो. जीव वाचतो तो या दोन-सव्वादोन सेंटिमीटरच्या जादा अंतरामुळे.

1935 मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला ब्रिटिश अधिकारी मोटारसायकलवरून पडून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. त्यांनी पुढे लष्करातल्या दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या दुखापती अभ्यासल्या आणि 1941 मध्ये हेल्मेटचा फायदा मांडला. नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याला इजा होण्याचा धोका 69 टक्के घटतो.

2022 मध्ये देशात हेल्मेट नसताना दगावलेल्या दुचाकीस्वारांत 14,337 जण मागे बसलेले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे हेल्मेट दोघांनाही सक्तीचं आहे. तरी चिंचोळीच्या कामगाराचा प्रश्न कायम आहे.

काही जण कारखान्यातलं पिवळं सेफ्टी हेल्मेट घालूनच निघतात. ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असतं. आत पट्ट्यांची जाळी, कडेला थर्मोकोल नाही. आडवं पडल्यावर ते आधी निसटतं. माझं आग्रहाचं म्हणणं आहे, की कंपन्या सेफ्टी शूज देतात तसं आयएसआय मार्कचं रस्त्याचं हेल्मेटही द्यावं, गाडी नसलेल्या कामगाराला तर आधी. हनुवटीखालचा पट्टा आवळलेला हवा. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदलूनच द्यावं, कारण चेपलेलं थर्मोकोल पुन्हा फुगत नाही; वरून ते कितीही धडधाकट दिसो.