पैसे घ्यायला पिन लागत नाही

धारहून मांडूकडे जाताना वाटेत नालछा लागतं. इथे जुनी मोटारसायकल, पाण्याची मोटर, कूलर विकायचा तर पूर्वी चार ओळखीच्यांच्या कानावर घालून ठेवायचं. आता फोटो काढून ओएलएक्सवर किंवा फेसबुकवर टाकतात. गिऱ्हाईक इंदूरचं असतं, पीथमपूरचं असतं, किंवा कुठलंच नसतं.

मग हमखास एक प्रश्न येतो : फोनपे सुरक्षित की गूगल पे? या प्रश्नातच पहिला गैरसमज आहे. दोन्हींच्या खाली यूपीआय ही एकच यंत्रणा चालते. राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, ती २०१६ मध्ये सुरू केली. जुन्या मालाच्या सौद्यात माणूस बुडतो तो बहुधा ॲपमुळे नाही, आधी काय आणि नंतर काय हा क्रम चुकल्यामुळे.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे येतात. समजा, तुम्ही सोफा विकायला काढलाय. समोरचा भाव करत नाही, इथेच खरं तर खटकायला हवं. तो म्हणतो, ‘पहले पाँच रुपये भेजता हूँ, चेक कर लो.’ पाच रुपये खरंच येतात. मग व्हॉट्सॲपवर कोड येतो, ‘इसको स्कॅन करके पिन डालो, पूरा पेमेंट आ जाएगा.’ कोडाखाली इंग्रजीत ‘रिसीव्ह मनी’ लिहिलेलं असतं. ही ओळ बँकेची नसते, त्यानेच टाइप केलेली असते. तिच्याऐवजी आपल्या ॲपच्या पडद्यावर बघा : रक्कम, ज्याला पैसे जाणार त्याचं नाव, आणि पिनचे रिकामे चौकोन. रक्कम आणि नावासोबत हे चौकोन दिसले की पैसे तुमच्या खात्यातून निघायच्या तयारीत आहेत. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. तुमचा नंबर किंवा तुमचा कोड त्याला दिला की पुरे.

शिकल्यासवरल्या माणसांना असं होत नाही, हाही भ्रमच. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या मुलीने सोफा विकायला काढला होता. गिऱ्हाइकाने आधी किरकोळ रक्कम पाठवून विश्वास मिळवला, मग कोड पाठवला. आधी २० हजार गेले. ‘चुकून झालं, परत करतो’ म्हणत त्याने पुन्हा स्कॅन करायला लावलं आणि आणखी १४ हजार गेले. गेलेले पैसे सोडवण्याच्या घाईत माणूस दुसऱ्यांदा पिन टाकतो.

एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवण्याची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. त्यामुळे फसवणुकीची एक वाट बुजली. क्यूआर कोडची मात्र तशीच आहे.

आपल्या भागात आणखी एक सोंग सहज खपतं, फौजीचं. ‘महूला पोस्टिंग होतं, बदली झाली, बुलेट स्वस्तात द्यायची आहे.’ महूला लष्करी छावणी खरोखरच आहे, म्हणून हे पटतं. गणवेशातला फोटो येतो, कँटीनचं कार्ड येतं. मग गाडी ‘आर्मी ट्रान्सपोर्ट’ने पाठवायचे पैसे, गेटपासचे पैसे, परत मिळणारं डिपॉझिट. ओळखपत्राचा फोटो कुणाचाही असू शकतो. गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, चालवून बघितल्याशिवाय विसार म्हणून शंभर रुपयेही पाठवू नयेत. मालक खरा असेल तर गाडी दाखवायला त्याला काय अडचण आहे?

विकणाऱ्याने स्क्रीनशॉट म्हणजे पैसे असं कधीही धरू नये. हुबेहूब ‘पेमेंट सक्सेसफुल’ दाखवणारी नकली ॲप आहेत, आणि ‘खात्यात जमा’ असा एसएमएस कुणीही साध्या मोबाइल नंबरवरून टाइप करू शकतो. ‘चुकून हजाराऐवजी दहा हजार गेले, नऊ परत पाठवा’ ही करामत याच एसएमएसवर चालते. आपल्या ॲपमध्ये खात्यातली शिल्लक बघावी. वाढली असेल तरच चावी द्यावी.

पैसे खरंच आले तरी ते कुणाच्या खात्यातून आले हे बघा. गिऱ्हाईक एक आणि पैसे पाठवणारा भलताच कुणी तिसरा, असं दिसलं तर विचारा. फसवून मिळवलेला पैसा असाच फिरवला जातो. पुढे मूळ तक्रारीवरून तुमच्या खात्यातली रक्कम गोठवली गेली, की ती सोडवण्यासाठी हेलपाटे तुम्हालाच घालावे लागतात.

‘मग रोखच बरी’ असं ज्येष्ठ मंडळी म्हणतात. कूलरला ठीक आहे. ट्रॅक्टरच्या सौद्यात मात्र एकाच व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि घेतलेल्या रकमेइतका दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. एवढी रक्कम बँकेतून एनईएफटी किंवा आरटीजीएसनेच घ्यावी-द्यावी. पुरावाही आपोआप राहतो. गाडीवर कर्ज बाकी असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र बघितल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नयेत. विकणाऱ्यानेही फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्यावं. आरसीवर ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

पैसे गेलेच तर बँक देईल, असं पुष्कळांना वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिलं, पण त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. पिन तुम्हीच टाकलात किंवा कुणाला सांगितलात, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्याच माथी. म्हणून कळवण्यात उशीर नको. त्यासाठी इंदूरच्या सायबर सेलपर्यंत जावं लागतं, ही समजूतही सोडा. १९३० हा राष्ट्रीय क्रमांक नालछ्यातूनही लागतो. व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवून लगेच फोन करावा. पैसा पुढच्या खात्यातून काढला जाण्याआधी तो अडवता येतो, नंतर कठीण. पाठोपाठ बँकेकडे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या, गूगलवर शोधू नका. तिथे ‘कस्टमर केअर’ म्हणून टाकलेले काही नंबर याच टोळ्यांचे असतात.