विश्लेषण : लेखी निघाली, एसएसबीत अडले… लष्करी अधिकारी निवडताना नेमके काय पाहिले जाते?

सैन्यात जायचे म्हटले, की महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आठवते ती पहाटेची धाव. सोळाशे मीटर, पुलअप्स, तालुक्याच्या ठिकाणची अकादमी आणि जिल्ह्यात लागणारी भरती. ही सगळी तयारी जवानाच्या म्हणजे आताच्या अग्निवीराच्या भरतीची असते. अधिकारी होण्याची वाट याहून अगदी वेगळी आहे. तिथे कोणी मैदानात वेळ लावून धावायला लावत नाही. ही वाट वेगळी आहे, हे अनेक घरांत कळते तेव्हा मुलगा किंवा मुलगी एकोणीस वर्षांची झालेली असते आणि एनडीएचे दार बंद व्हायला आलेले असते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ पासून पुण्याजवळ खडकवासल्याला आहे, तरीही ही स्थिती आहे.

अधिकारी होण्याचे मार्ग कोणते?

बारावीनंतरचा मुख्य मार्ग एनडीएचा. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित, बारावी उत्तीर्ण किंवा बारावीत शिकत असलेला उमेदवार. लष्करासाठी कोणतीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित लागते. कला शाखेच्या मुलांना हे अनेकदा माहीतच नसते. पण लेखी परीक्षेतला गणिताचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो, हेही लक्षात ठेवलेले बरे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर मुलींनाही ही परीक्षा खुली झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली.

पदवीनंतर सीडीएस. तीही यूपीएससीची, वर्षातून दोनदा. तिच्यातून डेहराडूनची आयएमए, नौदल व हवाई दलाच्या प्रबोधिनी आणि चेन्नईची ओटीए असे मार्ग फुटतात. ओटीएसाठी गणिताचा पेपर नसतो. तिथून मिळणारे शॉर्ट सर्व्हिस कमिशन दहा वर्षांचे, पुढे चार वर्षे वाढू शकणारे. हवाई दलाची एएफकॅट ही वेगळी परीक्षा आहे. याशिवाय काही मार्गांना यूपीएससीची लेखी लागतच नाही. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्या पदवीधरांना, अभियंत्यांना, कायद्याच्या पदवीधरांना आणि बारावीनंतर जेईई मेन दिलेल्यांना थेट अर्ज करता येतो. महाविद्यालयात एनसीसीकडे केवळ जादा गुणांसाठी पाहणाऱ्यांनी ही वाट तपासून पाहावी.

मार्ग कोणताही असो, सगळे एकाच दारापाशी येऊन मिळतात. ते म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, अर्थात एसएसबी.

गुणांचे गणित काय सांगते?

एनडीएची लेखी ९०० गुणांची. गणित ३०० आणि सामान्य क्षमता चाचणी ६००. त्यात २०० गुण इंग्रजीचे. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, मराठीत नाही. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. एसएसबीलाही ९०० गुण. अंतिम यादी १८०० पैकी लागते.

२०२३ च्या पहिल्या परीक्षेचे उदाहरण घेऊ. लेखीची पात्रता रेषा ९०० पैकी ३०१ होती आणि शेवटच्या निवड झालेल्या उमेदवाराचे एकूण गुण १८०० पैकी ६६४. म्हणजे साधारण ३७ टक्के. आकडे पाहून परीक्षा सोपी वाटते, पण एका परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या जागा सुमारे ४०० आणि अर्ज लाखोंच्या घरात. लेखी काठावर निघालेल्या उमेदवाराला एसएसबीत निदान ३६३ गुण लागले असते. ज्याने लेखीत चारशेच्या आसपास मजल मारली, त्याच्या गाठीशी शंभर गुण आधीच होते.

शिकवणी वर्गांत ‘आधी कटऑफ काढा, मग एसएसबीचे पाहू’ असे सांगितले जाते. हा सल्ला घातक आहे. एसएसबीने शिफारस केली, वैद्यकीय तपासणीही पार पडली आणि तरीही अंतिम यादीत नाव नाही, असे दर परीक्षेला अनेकांच्या वाट्याला येते. कारण लेखीतले गुण कमी पडलेले असतात. स्पर्धेत टिकायचे तर लेखीत नुसते पास होऊन भागत नाही.

एसएसबीत पाच दिवस काय चालते?

भोपाळ, प्रयागराज, बंगळूरु, म्हैसूर, डेहराडून अशा केंद्रांवर ही निवड होते. त्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदाच जाणाऱ्याला रेल्वेभाडे मिळते, राहणे-जेवणे केंद्रातच. पोहोचल्यावर छाती-पाठीवर बांधायला क्रमांकाचा कपडा मिळतो. पुढचे दिवस तुमचे नाव तेच.

पहिल्याच दिवशी चाळणी लागते. बुद्धिमापन चाचणी होते आणि एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवले जाते. त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात ती सांगायची आणि सर्वांनी मिळून एक समाईक गोष्ट ठरवायची. गटातली ही चर्चा बहुतेक वेळा बाजार होते. पंधरा जण एकदम बोलतात. इथे सर्वात मोठा आवाज काढणारा निवडला जातो, हा समज खोटा आहे आणि गप्प बसणारा सभ्य म्हणून निवडला जातो, हाही. चाळणीत अडकलेले त्याच दिवशी परतीच्या गाडीला लागतात. मोठा गट पहिल्याच दिवशी परत जातो, याची मनाची तयारी घरच्यांनीही ठेवावी.

उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या होतात. बारा चित्रांवर गोष्टी. त्यातले शेवटचे चित्र कोरे असते. मग साठ शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, तेवढ्यात मनात आले ते वाक्य लिहायचे. मग ३० मिनिटांत साठ प्रसंग. प्रवासात पाकीट हरवले, सहलीत मित्राला साप चावला, परीक्षेच्या आदल्या दिवशी वडील आजारी पडले, अशा धाटणीचे. शेवटी आई-वडील, शिक्षक, मित्र आणि तुम्ही स्वतः तुमच्याबद्दल काय म्हणाल, ते लिहायचे.

वेळ इतका कमी का ठेवतात? विचार करून चांगले दिसणारे उत्तर रचायला सवड मिळू नये म्हणून. साठपैकी दहा उत्तरे पाठ केलेली निघाली, तरी उरलेली पन्नास तुमचीच असतात. आणि त्या दोहोंतला सांधा मानसशास्त्रज्ञाला दिसतो. प्रत्येक गोष्टीत नायक सैन्यात भरती होऊन अतिरेक्यांना पकडत असेल, तर ती गोष्ट कुठल्या वर्गातून आली हे सांगायला फार अभ्यास लागत नाही.

मैदानावरची कामे दोन दिवस चालतात. फळी, ओंडका, दोर घेऊन गटाने अडथळे पार करायचे. ठरावीक जागांना स्पर्श करायचा नाही. नकाशावर एकाच वेळी तीन-चार संकटे दिलेली असतात, त्यांचा क्रम लावायचा. तीन मिनिटे तयारी करून तीन मिनिटे भाषण द्यायचे. काही कामांत तुम्हाला म्होरक्या नेमतात आणि सहकारी निवडायला सांगतात. दहा वैयक्तिक अडथळे तीन मिनिटांत करायचे असतात. सगळे झाले नाहीत म्हणून कोणी बाद होत नाही. पण उंच फळीवरून उडी मारायची वेळ आली की पाय किती वेळ अडतो, हे दिसून येते. पुलावर फळी टाकायची युक्ती तुम्हाला सुचली नाही आणि शेजाऱ्याला सुचली, तर तुम्ही त्याची फळी धरता की आपलेच घोडे दामटता? तपासणाऱ्याची नजर तिथे असते.

मुलाखत घेणारा अधिकारी तुम्ही भरून दिलेल्या माहितीपत्रकावरूनच बोलतो. दहावीचे गुण, बारावीत ते का घसरले, आवडते शिक्षक, घरातली जबाबदारी, छंद, खेळ, मित्र असे दहा-बारा प्रश्न एका दमात विचारून थांबतो. छंद म्हणून ‘वाचन’ लिहिणाऱ्याला शेवटचे पुस्तक कधी वाचले, हे विचारले जातेच. शेतकरी कुटुंबातल्या मुलाला सोयाबीनचा भाव, विहिरीचे पाणी, बँकेचे कर्ज यांवर प्रश्न येऊ शकतात. पुस्तकी चालू घडामोडी पाठ आणि घरच्या सातबाऱ्याची माहिती नाही, अशी उत्तरे मुलाखतीत चांगलीच उघडी पडतात.

मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा हे तिघे स्वतंत्रपणे तुम्हाला जोखतात. या पद्धतीचे सूत्रच ‘मनसा, वाचा, कर्मणा’ असे सांगितले जाते. लिहिलेले, बोललेले आणि केलेले जुळते का? पडताळणी एकूण १५ गुणांची असते : निर्णयाचा वेग, जबाबदारीची जाणीव, सहकार्य, पुढाकार, धाडस, चिकाटी वगैरे. शेवटच्या दिवशी सगळे मंडळ एकत्र बसते, उमेदवाराला काही मिनिटे समोर बोलावते आणि त्याच दिवशी निकाल सांगते.

इंग्रजी कच्चे असेल तर?

मराठी माध्यमाच्या मुलांची खरी धास्ती हीच. व्याकरण चुकले म्हणून एसएसबी बाद करत नाही. पण विचार मांडताच आला नाही, तर तो जोखणार कसा? फर्डे इंग्रजी नको, चालते इंग्रजी हवे. रोज अर्धा तास मित्राशी एखाद्या बातमीवर अडखळत का होईना बोलणे, हा महागड्या वर्गापेक्षा बरा उपाय आहे. आणि तो दहावीपासून सुरू झाला पाहिजे, एसएसबीच्या पत्रानंतर नव्हे.

दहावीतच ठरवलेल्यांसाठी राज्य सरकारची सोय आहे. छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था चालते. दहावीनंतर प्रवेश परीक्षा व मुलाखतीतून निवड आणि अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी. नाशिकला मुलींसाठीही अशी संस्था सुरू झाली आहे.

कुठे घोळ होतात?

जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच धरली जाते. आधार कार्डावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर नावाचे स्पेलिंग वेगळे असेल, तर ते अर्जाआधी सरळ करून घ्यावे. गोंदणाचेही नियम आहेत. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला ते चालते. दंडावर किंवा छातीवर मोठ्या हौसेने काढलेले चित्र अडचणीत आणते. आदिवासी समाजातील परंपरागत गोंदणाला सवलत आहे. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करण्याआधी त्या प्रवेशाची अधिसूचना वाचावी. घाईने केलेली शस्त्रक्रिया अपात्र ठरवू शकते.

शिफारस झाल्यावर लष्करी रुग्णालयात काही दिवस वैद्यकीय तपासणी चालते. कानातला मळ, दात, वजन, नाकाचे वाकडे हाड अशा बऱ्याच गोष्टींमुळे ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा मिळतो. उपचार करून ठरलेल्या मुदतीत अपील वैद्यकीय मंडळापुढे जाता येते. ती मुदत त्याच वेळी कागदावर दिलेली असते. एसएसबीच्या शिफारशीविरुद्ध मात्र अपील नाही. वयात बसत असाल तर पुढची परीक्षा देऊन किंवा दुसऱ्या मार्गाने पुन्हा जाता येते आणि त्यावर संख्येची मर्यादा नाही. फक्त हवाई दलाच्या वैमानिक शाखेसाठी असलेली संगणकीय वैमानिक चाचणी आयुष्यात एकदाच देता येते.