पिंपांच्या कारखान्यातली नदी

ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या पोंपेया वस्तीत लाल विटांच्या शेडच्या रांगा आहेत आणि त्यांच्यामधून दगडी फरसबंदीचा रस्ता जातो. १९३८ साली हा कारखाना पिंपं बनवण्यासाठी उभा राहिला. पुढे इथे रॉकेलवर चालणारे फ्रिजही तयार झाले. आज त्याच छपराखाली वाचनालय, नाट्यगृह, प्रदर्शनं आणि मातीकाम-विणकामाचे वर्ग भरतात. नाव सेस्क पोंपेया.

सेस्क ही १९४६ पासूनची संस्था. व्यापार आणि सेवा क्षेत्रातल्या मालकांनी पगारखर्चाच्या दीड टक्का रक्कम भरायची आणि त्यातून कामगार, त्यांची कुटुंबं यांच्यासाठी नाटक, खेळ, दवाखाने चालवायचे, अशी तिची रीत. १९७१ मध्ये तिने ही जागा विकत घेतली.

काम लीना बो बार्दी यांच्याकडे आलं. रोममध्ये जन्मलेल्या या वास्तुरचनाकार १९४६ साली ब्राझीलला आल्या आणि तिथल्याच झाल्या. १९७६ मध्ये त्यांनी कारखाना पाहिला तेव्हा आधी त्यांच्या नजरेत भरला तो काँक्रीटचा सडपातळ सांगाडा. पुन्हा गेल्या त्या शनिवारी. छपरातून पाणी गळत होतं आणि त्यातच पोरं फुटबॉल खेळत होती. आया शेगडीवर मांस भाजत होत्या, शेजारी बाहुल्यांचा खेळ रंगला होता. हे सारं असंच चालू राहायला हवं, असं लीनांनी ठरवलं. जुन्या भिंती वाचवणारे बरेच असतात. त्या भिंतींत आधीच रुजलेलं जगणं ओळखून त्याला जागा करून देणारी नजर विरळा, आणि लीनांचं मोठेपण त्यातच आहे.

त्यांनी आपलं कार्यालयच कारखान्यात हलवलं. आंद्रे व्हायनेर आणि मार्सेलो फेराझ हे तरुण सहकारी सोबत होते. भिंतींवरचा गिलावा उतरवून विटा उघड्या केल्या. मुख्य दालन भिंती घालून तोडलं नाही. तिथे जमिनीतून एक उथळ, वळणदार पाण्याचा प्रवाह काढला आणि त्याला साओ फ्रान्सिस्को या ब्राझीलच्या मोठ्या नदीचं नाव दिलं. जवळच शेकोटी. एकीकडे कुणी बुद्धिबळ मांडून बसलंय, दुसरीकडे कुणी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलंय, आणि उठा म्हणायला कुणी येत नाही. नाट्यगृहात मात्र आरामाची सोय नाही: रंगमंच मधोमध, दोन्ही बाजूंना प्रेक्षक आणि बसायला गादीविना लाकडी खुर्च्या.

केंद्र उघडलं १९८२ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला होता. गिरणगावातल्या जमिनींचं पुढे काय झालं ते मराठी वाचकाला ठाऊक आहे.

क्रीडा-इमारत पुढे १९८६ मध्ये पुरी झाली. उरलेल्या मोकळ्या जमिनीखालून आग्वा प्रेता नावाचा बंदिस्त ओढा वाहत असल्यामुळे त्यावर बांधकामाला मनाई होती. लीनांनी ओढ्याच्या दोन बाजूंना काँक्रीटचे दोन मनोरे उभे केले आणि ते हवेतल्या आठ पुलांनी जोडले. एकात तरणतलाव आणि मैदानं, दुसऱ्यात कपडे बदलायच्या खोल्या. त्यामुळे खेळायला जाताना प्रत्येकाला उघड्या आभाळाखालून चालावं लागतं. मैदानांना खिडक्यांऐवजी गुहेच्या तोंडासारखी वेडीवाकडी भोकं आहेत, त्यांना लाल लाकडी झडपा. ओढ्यावरच्या लाकडी फळ्यांवर उन्हाळ्यात माणसं पोहण्याच्या कपड्यांत ऊन खात पसरतात.

२०१५ मध्ये या वास्तूला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. सोमवारी केंद्र बंद असतं; एरवी आत यायला तिकीट लागत नाही.