खोक्यात राहिलेली नळी

पालघर जिल्ह्यात बोईसरमधल्या एका अर्धवट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर लादीचं काम चाललं होतं. मिस्त्रीने विट्रिफाइड टाइलवर पेन्सिलीने रेघ मारली, कटर चालू केला आणि बघता बघता खोली पांढरी झाली. टाइल कापून झाल्यावर त्याने तोंडाचा रुमाल सोडला, झटकला आणि त्यानेच घाम पुसला. शेजारच्या खोलीत दुसरा मिस्त्री तशीच टाइल कापत होता. त्याच्या बिगाऱ्याने पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडलं होतं आणि बाटली दाबत तो पात्यापाशी बारीक धार सोडत होता. त्या खोलीत धूळ नव्हती, जमिनीवर राखाडी चिखल होता.

या दोन खोल्यांत नेमका काय फरक पडतो ते समजून घ्यायला धुळीकडे जरा बारकाईने बघावं लागतं.

आपल्याला त्रास देते ती दिसणारी धूळ. डोळ्यांत जाते, शिंका येतात, थुंकी काळपट होते. पण हे कण मोठे असतात आणि नाका-घशातच अडकतात. घात करतो तो पाच मायक्रॉनहून बारीक कण. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. दगडाचा 50 मायक्रॉनचा कण नाकाच्या उंचीवरून सात-आठ सेकंदांत जमिनीवर येतो. पाच मायक्रॉनच्या कणाला, वारा नसेल तर, बारा मिनिटं लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला पाच तास. म्हणजे मिस्त्री कटर बंद करून त्याच खोलीत डबा उघडतो तेव्हा हवा स्वच्छ दिसत असते, स्वच्छ नसते.

हा कण सिलिकाचा, म्हणजे गारेच्या जातीचा असेल तर पुढची गोष्ट अशी घडते. फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत तो पोहोचतो. तिथे सफाई करणाऱ्या पेशी असतात. त्या जंतूला गिळून पचवतात, तसंच या कणालाही गिळतात. पण तो पचत नाही, उलट पेशीच मरते. मरताना ती दाह निर्माण करणारी द्रव्यं सोडते, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळायला येते. हे चक्र चालू राहतं आणि त्या जागी व्रण भरल्यासारख्या कडक गाठी तयार होतात. हाच सिलिकोसिस. काम सोडलं तरी तो वाढू शकतो आणि झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. बहुधा दहा वर्षांच्या कामानंतर तो लक्षात येतो. धूळ फार असेल तर काही महिन्यांतही. 1997 पासून हा सिलिका कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत, आहे.

किती धूळ म्हणजे जास्त? अमेरिकेत 2016 मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी घनमीटर हवेत 50 मायक्रोग्रॅम बारीक सिलिका ही मर्यादा ठरली. कष्टाचं काम करणारा माणूस पाळीत सुमारे दहा घनमीटर हवा ओढतो, म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणा वीस मिलिग्रॅमचा धरला, तर त्याचा चाळिसावा भाग! टाइल कोरडी कापताना त्याहून कितीतरी जास्त धूळ उडते.

आता पालघरची गंमत बघा. इथला डोंगराचा दगड काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्यात मोकळी गार फार कमी असते. खाणीतली, क्रशरवरची धूळ म्हणून निरुपद्रवी ठरत नाही, पण खरा धोका इथे बऱ्याचदा ट्रकमधून येतो. नदीची रेती गारेने भरलेली असते. मोरबीहून येणारी टाइल, स्वयंपाकघराच्या ओट्याचा ग्रॅनाइट यांतही गार भरपूर. सगळ्यात वाईट तो हल्ली फ्लॅटमध्ये मिरवला जाणारा कृत्रिम ‘क्वार्ट्झ’ ओटा. त्यात सिलिका नव्वद टक्क्यांच्या वर असू शकतो. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून तो बंदच केला. आपल्याकडे त्याची गुळगुळीत जाहिरात होते.

उपायांत पहिला मान पाण्याचा, मास्कचा नव्हे. पाणी नंतर फवारून उपयोग नाही. एकदा हवेत गेलेला बारीक कण थेंबाला चुकवून जातो. पातं दगडाला भिडतं तिथेच धार पडली पाहिजे. मोठ्या कटरसाठी मिनिटाला अर्धा लिटर पुरतं. मात्र पाणी आणि वीज एकत्र येतात, तेव्हा साधं सुकं ग्राइंडर घेऊन त्यावर बाटली ओतणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. मशीन पाण्यासाठी बनवलेलं हवं आणि बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारी कळ, हवी. भिंत फोडायला किंवा स्लॅबला भोक पाडायला पाणी जमत नसेल, तर हत्याराच्या तोंडाशीच धूळ खेचणारा व्हॅक्यूम लागतो. झाडू मारण्याआधी पाणी शिंपडायचं. आपल्या आया अंगणात हेच करत होत्या. वाळलेला चिखल मात्र पुन्हा धूळच होतो, तो ओला असतानाच भरून न्यावा. कपडे कॉम्प्रेसरच्या हवेने झटकू नयेत. उघड्यावरचं काम असेल तर बोईसर-तारापूर पट्ट्यात दुपारी वारा समुद्राकडून येतो, म्हणून कटर पूर्वेच्या टोकाला मांडावा. म्हणजे धूळ बाकीच्यांच्या अंगावरून जात नाही.

मग मास्क. रुमाल, गमछा, ओढणी यांतून बारीक कण आरपार जातो. एन-95 किंवा एफएफपी-2 लागतो, डोक्यामागून दोन पट्ट्यांचा. नाकावरची तार दाबलेली हवी आणि खाली दाढीचे खुंट नकोत, नाहीतर हवा कडेनेच आत येते. वैशाखातल्या उकाड्यात आठ तास तो घालून काम करून बघा, म्हणजे धूळ मुळातच कमी का करायची ते कळेल.

जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबं भातकापणी आटोपली की कामाला बाहेर पडतात आणि होळीला घरी परततात. दर हंगामात नवी साइट, नवा मुकादम. दम लागायला लागतो तेव्हा कुठल्या धुळीने काय केलं हे सांगणारा एकही कागद हातात नसतो. सिलिकोसिस झाला तर भरपाई मिळावी, असं कायद्यात आहे. पण मालक कोण हेच दाखवता येत नाही. म्हणून बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी महत्त्वाची. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदार किंवा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) देऊ शकतो. भांडी आणि पेटी मिळते म्हणून नोंदणी होते हे खरं, पण त्या कागदावर तुम्ही बांधकाम कामगार असल्याचं लिहिलेलं असतं.

आणि दवाखान्यात आपलं काम काय ते आधी सांगायचं. एक्स-रेवर सिलिकोसिस टीबीसारखा दिसू शकतो, आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याची शक्यता कितीतरी वाढते. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी टीबीच्या गोळ्या चालू आणि दम तसाच, असं झालं तर ‘मी दहा वर्षं टाइल कापतो’ हे एक वाक्य डॉक्टरांना वेगळा विचार करायला लावतं.

मार्बल कटरच्या अनेक मॉडेलांबरोबर खोक्यात पाण्याची एक बारीक नळी येते. बहुतेक वेळा ती खोक्यातच राहते. पुढच्या वेळी तुमच्या घरी लादीचं काम निघालं, तर दर ठरवतानाच मिस्त्रीला विचारा, नळी कुठे आहे. आणि ओल्या कामाला जो जास्त वेळ लागेल त्याचे पैसे द्या.