नाचाच्या गाण्यामागचे हात

गणपती, नवरात्र, कोजागरी जवळ आली की खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूरच्या चौकांत ‘आर्केस्ट्रा’ची पोस्टरं लागतात. पोस्टरवर गायक-गायिकांचे फोटो मोठे असतात, निवेदकाचंही नाव असतं. मागे बसून वाजवणाऱ्यांची नावं मात्र सहसा नसतात. गंमत अशी, की ज्या जुन्या गाण्यांवर मंडपातली मंडळी खुर्च्या सोडून उठतात, ती नाचाची गाणी या मागच्या माणसांच्याच बळावर उभी असतात.

हे समजून घ्यायला ‘अलबेला’ आठवावा. हा सिनेमा १९५१ साली आला. त्याचे दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा यांचा जन्म आपल्याच वऱ्हाडातल्या अमरावतीचा. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. या दोन मराठी माणसांनी देशाला नाचायला लावलं. त्यातल्या गाण्यांत बोंगोच्या जोडीला ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजले. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या बँडची ही वाद्यं, आणि ती वाजवणारे पुष्कळसे गोव्याचे. त्यांतले ट्रम्पेटवादक अँतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावानं गाजले. ते सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते आणि ‘अलबेला’त आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात.

त्या काळी गाणं तयार कसं व्हायचं? चाल संगीतकाराची. पण सुरुवातीला काय वाजेल, दोन कडव्यांच्या मधली जागा कोण भरेल, कोणी कुठे थांबायचं, हे संयोजक कागदावर मांडत. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना युरोपीय स्वरलिपी शिकवत. त्यामुळे तिथले वादक समोरचा कागद वाचून वाजवू शकत.

आता तालाकडे वळू. आपल्या सिनेमातली बरीचशी गाणी दोनच तालांत बसतात, आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा. नाचाच्या गाण्यांत केरवा अधिक. घरी एक प्रयोग करून पाहा. एक-दोन-तीन-चार असं मोजत एकावर जोरात टाळी द्या. झालं भजन. मग तेच मोजताना दोनवर आणि चारवर टाळी द्या. बसल्या जागी पाय हलू लागेल. जॅझचा ढंग हाच. आपल्या ओळखीच्या केरव्यात त्या काळच्या वादकांनी हा उलटा जोर मिसळला, म्हणून ती गाणी आजही अंगात येतात.

स्टुडिओत हे वाजवायला डझनावारी वादक असत. तालुक्याच्या मंचावर असतात सात-आठ. कीबोर्डवाला एकट्याच्या हातांनी व्हायोलिनचा ताफाही होतो आणि बासरीही. ऑक्टोपॅडवाल्यासमोर आठ चौकटी असतात, प्रत्येकीत वेगळा आवाज भरलेला. शेजारी ढोलकी, तबला, कोंगो. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट तर आपल्याला मुळीच परके नाहीत, वरातीच्या बँडपार्टीतली हीच वाद्यं. गावोगावच्या अनेक वादकांनी स्वरलिपीचा कागद कधी हाती धरला नाही. १९५२ पासून रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला आणि १९५७ पासून विविध भारती ऐकत, गाणी कानानं उचलून त्यांनी ती बोटांत आणली.

प्रश्न असा, की रेकॉर्ड घरी ऐकता येत असताना मंडपात जायचं कशाला? याचं उत्तर संगीतबारीत सापडतं. तिथं ढोलकीवाला नाचणारीच्या पायांवर डोळे लावून बसतो. तिनं गिरकी लांबवली की तो तिला साथ देतो, ती थबकली की तो थाप रोखतो. नाचाचं संगीत दोन्ही बाजूंनी चालतं. आर्केस्ट्रातही तेच घडतं. पुढच्या रांगेतली पोरं रंगात आली, की प्रमुख वादक मान हलवतो आणि मधला तुकडा पुन्हा एकदा फिरतो. ‘वन्स मोअर’ आला की लय थोडी चढते.

आता पुष्कळ ठिकाणी मंचावर माइक असतो, गायक असतो आणि मागे संगणकावर आधीच भरून ठेवलेला ट्रॅक. तो स्वस्त पडतो. मंडळांचीही अडचण खरी आहे. पीक हातचं गेलं, की वर्गणी आटते. बुलडाण्याला रेल्वे नाही, त्यामुळे लांबून रेल्वेनं येणाऱ्या ताफ्याला मलकापूर किंवा शेगावला उतरवून, वाद्यांसकट गाडीनं आणावं लागतं. त्यात ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा, सवलतीचे मोजके दिवस असले तर बाराची. ट्रॅक मात्र मंडपाकडे पाहत नाही. माणसं उठली काय, बसली काय, तो आपला ठरल्या वेळी संपतो. आणि एका पिढीला वाजवायला मंचच मिळाला नाही, तर पुढच्या पिढीतल्या कोणत्या मुलानं क्लॅरिनेट हातात घ्यावं?

म्हणून यंदा आर्केस्ट्राला जाल, तेव्हा एखाद्या गाण्यापुरती नजर गायकावरून काढून मागे न्या. ढोलकीवाला कोणाकडे पाहतो, कीबोर्डवाला कधी हात बदलतो, कडवं संपताना कोण कोणाला खूण करतो, हे बघा. मधला तुकडा चांगला वाजला, तर गाणं संपायची वाट न पाहता टाळी द्या. ती टाळी नेमकी कोणाला आहे, हे वादकाला बरोबर कळतं. आणि मंडळाच्या बैठकीत कार्यक्रम ठरत असेल, तर गायक कोण येणार हे विचारल्यावर आणखी एक प्रश्न विचारा : वाजवणारे किती जण येणार? त्यांची नावं पोस्टरवर छापायला काही जास्तीचा खर्च येत नाही.