झाड वाढते कोठून?

बांधावरच्या झाडाला हद्दीची खूण म्हणून खिळा ठोकला, तर झाड वाढेल तसा तो वर सरकतो, अशी आमच्या गावाकडे पुष्कळांची समजूत आहे. मूल वाढते तेव्हा त्याचे हात, पाय, मान सगळेच वाढते. मग झाडाचेही तसेच असणार! परंतु झाडाची रीत निराळी आहे. छातीइतक्या उंचीवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही तेवढ्याच उंचीवर सापडतो. फक्त तो खोडात बुडालेला असतो.

याचे कारण असे की, झाड लांबीने वाढते ते टोकांशी. शेंड्याच्या आणि मुळाच्या टोकाशी सतत विभागणाऱ्या पेशींचा पुंजका असतो. त्याला विभाजी ऊती म्हणतात. तेथे जन्मलेल्या पेशी थोड्या मागे राहून लांबतात आणि एकदा पक्क्या झाल्या की त्यांची लांबी कायम. मोड आलेल्या वालाच्या मुळावर एकेक मिलिमीटरवर शाईच्या रेघा ओढून तो ओल्या फडक्यात ठेवावा. दोन दिवसांनी टोकालगतच्या रेघा एकमेकींपासून दूर गेलेल्या दिसतात. वरच्या मात्र जागच्या जागी. इंग्लंडच्या स्टीफन हेल्सने १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात द्राक्षवेलीच्या कोवळ्या फुटव्यावर अशाच खुणा करून वाढ मोजली आहे. गवताची वाढणारी जागा मात्र पानांच्या बुडाशीही असते. म्हणूनच गुरांनी शेंडे खाल्ले तरी ते पुन्हा वाढते.

जाडी वाढते ती साल आणि लाकूड यांच्यामधल्या एका पातळ थरामुळे. त्याला कॅंबियम म्हणतात. हा थर आतल्या बाजूला लाकूड घालतो आणि बाहेरच्या बाजूला पानांतले अन्न खाली नेणारी अंतर्साल. सागाच्या ओंडक्यावरची वलये ही त्याचीच वर्षावर्षाची नोंद होय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत अशा वलयांवरून पूर्वीच्या पावसाचा अभ्यास झाला आहे. नारळाला हा थर नाही, म्हणून त्याचे खोड वर्षानुवर्षे उंच होते, पण सागासारखे रुंदावत नाही.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. त्यामुळे घरच्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात. आमच्या बांधावरच्या बाभळीची साल कोणीतरी रात्रीतून गोल काढली होती. पाने हिरवी राहिली, म्हणून सगळे निर्धास्त होते; पुढच्या वर्षी ती वाळली. असे का, हे वडिलांनी मला विचारले. उत्तर सोपे आहे. पाणी लाकडातून चढत राहिले, म्हणून पाने टिकली. पण अन्नाची वाट तुटल्याने मुळे उपाशी मेली. उलट, गाभा पोकळ झालेली चिंच वर्षानुवर्षे पालवते, कारण तिचा सालीखालचा थर शाबूत असतो.

कुंपणाची किंवा फलकाची तार खोडाला आवळून बांधली, तरी हेच घडते. खोड जाड होत जाते, तार मात्र तेवढीच राहते आणि दरवर्षी अधिक रुतते. आपल्या रस्त्यांवर अशी झाडे पुष्कळ आहेत. ती तार वेळीच सोडवायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. एक पक्कड पुरते.