पहिलं लिनक्स कोणतं घ्यावं?

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर ज्या चिठ्ठ्या आमच्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकींत एकच प्रश्न होता: लिनक्स घ्यायचं ठरवलं, पण कोणतं? तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाला हे का विचारावं, असं कुणाला वाटेल. पण एक जुना लॅपटॉप भंगारात द्यायची वेळ आली, तेव्हा आम्हालाही हा प्रश्न सोडवावा लागला होता. आज ती वेळ पुष्कळांवर आली आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि बरेच जुने प्रोसेसर त्याला चालत नाहीत. म्हणजे यंत्र धडधाकट, पण पुढचा रस्ता बंद.

आधी शब्द नीट लावून घेऊ. काटेकोर अर्थाने लिनक्स म्हणजे फक्त गाभा, कर्नल. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ मध्ये जाहीर केला. नुसत्या गाभ्यावर पत्रसुद्धा लिहिता येत नाही. त्याभोवती ग्नू प्रकल्पाची साधनं, ब्राउझर, ऑफिसचे प्रोग्रॅम हे सगळं बांधून, तपासून, वर्षानुवर्षं दुरुस्त्या पाठवत राहणारं कुणीतरी लागतं. त्या बांधणीला डिस्ट्रिब्यूशन, बोलीत डिस्ट्रो, म्हणतात. आणि डोळ्यांना जे दिसतं, मेनू, पट्टी, खिडक्या, ते डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट.

नवख्यांचा घोटाळा इथेच होतो. वैशेषिकांनी संबंधाचे दोन प्रकार सांगितलेत. वस्त्र आणि धागे यांचा समवाय, म्हणजे धागे काढले की वस्त्र उरत नाही. टेबल आणि त्यावरचं पुस्तक यांचा संयोग, पुस्तक उचललं तरी टेबल जागेवर. माणूस उबुंटू बघतो, डावीकडची उभी पट्टी बघतो, आणि समजतो की ती पट्टी म्हणजेच उबुंटू. नाही हो! तो संयोग आहे. त्याच पायावर केडीई बसवला की कुबुंटू, एक्सएफसीई बसवला की झुबुंटू. तेव्हा प्रश्न एक नाही, दोन आहेत: घराची डागडुजी कोण करणार, आणि बैठकीची मांडणी कशी हवी.

डागडुजीचा प्रश्न महत्त्वाचा, पण लवकर सुटतो. डेबियन १९९३ चा. त्यावर उबुंटू, २००४. उबुंटूवर मिंट, २००६. उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मिंट त्याच पायावर उभं असल्याने तिथेही तेच. फेडोरा उत्तम आहे, पण त्याची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीचा आधार सुमारे तेरा महिनेच, म्हणजे दरवर्षी बिऱ्हाड हलवणं आलं. आमचं मत विचाराल तर पहिल्यांदा मिंट, नाहीतर उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती. अडलं की शोधल्यावर सापडणारं उत्तर तुमच्या यंत्राला लागू पडण्याची शक्यता इथे जास्त. आर्चचा मोह तूर्त बाजूला ठेवा.

आता मांडणी. ग्नोमने २०११ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आपली जुनी रीत मोडली. पुष्कळ लोक नाराज झाले. त्या नाराजीतून जुना ग्नोम पुढे चालवणारा माते आला (मेट नव्हे, दक्षिण अमेरिकेतल्या पेयावरून माते), आणि मिंटच्या मंडळींनी सिनॅमन घडवला. विंडोजवरून येणाऱ्याचा हात सिनॅमनवर लगेच बसतो. केडीईत सगळं बदलता येतं. आम्ही त्यात तीन संध्याकाळी नुसते रंग निवडण्यात घालवल्या, हे कबूल करतो. चार जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई घ्या, आठ असेल तर आवडेल ते.

पण 'हलकं' या शब्दाने फार फसू नका. डेस्कटॉप कितीही हलका असो, ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडलेत की सगळी बचत गेली. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो कोणत्याही डेस्कटॉपने पडत नाही.

निवडीसाठी मात्र वाचत बसू नका, लावून बघा. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरवून त्यावरूनच यंत्र सुरू करता येतं. इन्स्टॉलचं बटण दाबेपर्यंत आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. पेनड्राइव्हवरून सगळं जरा सुस्त चालतं, तेव्हा वेगावरून निवाडा करू नका. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, प्रिंटर ओळखतं का, एवढं पाहा. आणि मराठी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन्ही शब्द टाइप करा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ते वेगळे उमटले की निम्मी काळजी मिटली.

उरलेली निम्मी आम्हाला महागात पडली. न्यायदर्शनावरची आमची टिपणं युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेली होती. लिनक्सवर फायली उघडल्या, तर पानोपानी इंग्रजी अक्षरांचा कचरा. फायली शाबूत होत्या, पण मराठी त्यांत नव्हतीच. होता तो मराठी दिसणारा मुखवटा, आणि तो फॉन्ट नसताना गळून पडला. नव्या यंत्राला यात दोष नाही. एका विद्यार्थ्याच्या विंडोज संगणकावर बसून ती युनिकोडमध्ये बदलून घेतली, जोडाक्षरं हाताने दुरुस्त केली. तीन महिने गेले. तुमच्याकडे अशा फायली असतील, आईवडिलांच्या आठवणी, कुणाचे लेख, संस्थेची इतिवृत्तं, तर विंडोज काढण्याआधी त्या बदलून घ्या.

मागून एक गृहस्थ विचारताहेत, टॅलीचं काय? ते विंडोजचं आहे. रोजचं काम त्यावर असेल तर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवा. मात्र त्याआधी सगळ्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा, आणि विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत नको, कपाटात ठेवा.